टावीच्या सीटीला आजी-आजोबांना आणताना

अपॉइंटमेंट घेताना फोनवर "सीटी अँजिओ करायचाय" एवढंच सांगू नका. "टावीसाठी सीटी करायचाय" असं स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांची चिठ्ठी आधी पाठवून द्या. टावी म्हणजे छाती न उघडता नवा एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, बसवणं. मी नाशिकमध्ये सीटीच्या मशीनवर काम करते. पेशंटच्या नातेवाइकांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. साध्या सीटी अँजिओत फक्त हृदय घेतात. टावीला हृदयापासून थेट जांघेपर्यंतच्या रक्तवाहिन्या लागतात. तेवढा भाग राहिला तर पुन्हा डाय (रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) द्यावा लागतो, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या किडनीवर तो भार नको.

दुसरंही एक कारण आहे. हृदयाच्या साध्या सीटी अँजिओला बऱ्याचदा जिभेखाली नायट्रोची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी किंवा स्प्रे देतात. एऑर्टिक व्हॉल्व्ह खूप आकसलेला असेल तर त्याने बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून टावीच्या पेशंटला ते टाळतात. ठोके कमी करायच्या औषधाचंही तसंच, ते डॉक्टरांना विचारूनच देतात.

या स्कॅनला एवढं महत्त्व का, तेही सांगते. टावीत छाती उघडत नाहीत. बहुतेक वेळा जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर नेतात आणि जुन्या, कडक झालेल्या व्हॉल्व्हच्या आतच नवा बसवतात. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथे डॉ. आलाँ क्रिबिए यांनी माणसावर पहिल्यांदा असा एऑर्टिक व्हॉल्व्ह बसवला. छाती उघडायचीच नाही म्हटल्यावर माप आधीच घ्यावं लागतं, आणि ते सीटीवर घेतात. व्हॉल्व्हच्या पाकळ्या जिथे सगळ्यात खाली भिंतीला चिकटतात, त्या पातळीवरचं तोंड मोजतात. ते गोल नसतं, लंबगोल असतं. म्हणून नुसता व्यास न घेता परीघ आणि क्षेत्रफळ काढतात. ठोक्यागणिक ते थोडं बदलतंही, म्हणून स्कॅनच्या वेळी छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावतो. माप कमी आलं तर नवा व्हॉल्व्ह कडेने गळू शकतो किंवा सरकू शकतो. जास्त आलं तर कडा फाटायचा धोका असतो. दोन मिलिमीटरच्या फरकानेही साइझ बदलू शकतो.

याच स्कॅनवर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत ते बघतात. ती दहा-बारा मिलिमीटरपेक्षा खाली असली तर डॉक्टर जास्त सावध होतात. जांघेतली वाट पुरेशी रुंद आहे का, हेही इथेच कळतं. साधारण पाच-साडेपाच मिलिमीटर तरी लागते, आणि तिथे कॅल्शियम किती, वळणं किती, हेही बघतात.

आता तयारी. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. पूर्वी डायची किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर ती फोनवरच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर थांबवायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. साधारण चार तास आधीपासून पोटात अन्न नको. पाणी चालतं का, ते सेंटरला विचारून घ्या. निफाड-सिन्नरहून पहाटे निघणारी मंडळी वाटेत चहा घेतातच. आजोबांचा चहा मात्र त्या दिवशी नंतर. कॅफीनने ठोके वाढतात आणि चित्र हलतं.

घरी एक सराव नक्की करून घ्या. उताणं झोपवायचं, दोन्ही हात डोक्यावर, आणि दहा ते पंधरा सेकंद श्वास रोखायचा. छाती फुगवायची गरज नाही, साधा श्वास घेऊन थांबायचं. दिंडोरीकडच्या एका आजोबांकडून त्यांच्या नातीने मोठ्याने आकडे मोजत हा सराव करून घेतला होता. धाप लागणारा माणूस, पण एका दमात स्कॅन झाला आणि चित्रं स्वच्छ आली. उताणं झोपल्यावर जीव घाबरत असेल तर आधी सांगा. ऐकू कमी येत असेल किंवा सटाण्याकडच्या आजीला अहिराणीच नीट कळत असेल, तर तेही सांगा. मशीनमधला आवाज तिला समजणार नाही. मग आम्ही श्वासाच्या सूचना आधीच खुणेने शिकवतो.

सुई बहुधा उजव्या कोपराच्या शिरेत लावतो. डाय जोरात जातो, त्यामुळे मनगटावरची जुनी बारीक सुई चालत नाही. अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते काही क्षणांत जातं. हे आधी सांगून ठेवलं तर माणूस दचकत नाही, आणि न हलणं इथे फार मोलाचं.

निघताना फिल्म आणि रिपोर्टवर समाधान मानू नका. सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण डायकॉम डेटा, म्हणजे मशीनमधल्या मूळ चित्रांच्या फाइली, मागा: एक मिलिमीटरपेक्षा पातळ स्लाइस, हृदयाच्या ठोक्याच्या सगळ्या फेजेससकट. टावी करणारी टीम तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून माप स्वतः घेते. फिल्मचा व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो त्यासाठी उपयोगाचा नाही. टावी मुंबईला करायची ठरली असेल तर सीडी नाशिकमध्येच उघडून बघा, आणि एक कॉपी घरी ठेवा.

स्कॅननंतर डाय बाहेर पडायला पाणी लागतं. पण हृदयाच्या पेशंटला पाण्याचं बंधन असू शकतं, तेव्हा किती प्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंगावर पुरळ, सूज किंवा धाप दिसली तर घरी न जाता तिथल्या तिथे सांगा. लघवी कमी झालेली दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.