मसुद्यावर हरकत कशी लिहावी : धोरणाच्या वाटेवरच्या लॉ विद्यार्थ्यांसाठी

‘पब्लिक पॉलिसीत जायचंय’ म्हणत लॉची मुलं भेटायला येतात, तेव्हा बायोडेटावर चार सर्टिफिकेट कोर्स आणि दोन परिसंवाद असतात. कायद्याच्या किंवा नियमांच्या एखाद्या मसुद्यातलं एक तरी वाक्य दुरुस्त करून पाठवलंयस का, असं विचारलं की गाडी थांबते. त्यांना कुणीतरी ‘आधी नेटवर्क वाढवा’ असा सल्ला दिलेला असतो. तो बाजूला ठेवा आणि एका मसुद्यावर कलमवार हरकत लिहा. फी नाही, ओळख लागत नाही.

मसुदा निवडणं. केंद्राच्या 2014 च्या पूर्वविधान सल्लामसलत धोरणाप्रमाणे मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. प्रत्येक वेळी तसं होतंच, असं नाही. राज्याचे प्रारूप नियम, म्हणजे नियमांचे मसुदे, राजपत्रात येतात. विकास आराखड्यातल्या किरकोळ फेरबदलावर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम 37 खाली एक महिन्यात हरकत घेता येते. पहिल्यांदा लिहिताना असंच लहान काहीतरी घ्या. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे 12,000 हून अधिक सूचना गेल्या. नागरिक म्हणून अशा विधेयकावर जरूर लिहा, पण हात बसवायला तो आखाडा नव्हे.

मुदत वाढेल या भरवशावर राहू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला आला, मुदत 18 फेब्रुवारीची होती, ती 5 मार्चपर्यंत वाढली. असं दर वेळी घडत नाही.

वाचन. मूळ कायदा आधी, मसुदा नंतर. राज्याचा मसुदा असेल तर मराठी आणि इंग्रजी पाठ शेजारी ठेवा. अनुच्छेद 348(3) प्रमाणे राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतला अधिकृत पाठ मानला जातो. मराठीत ‘करील’ आणि इंग्रजीत ‘मे’ (may, म्हणजे ‘करू शकेल’) असं सापडलं, तर तुमची पहिली हरकत तिथेच तयार झाली.

पर्यायी मजकूर लिहिणं. सगळे इथेच अडकतात. मीही अडकले होते.

माझी पहिली हरकत अकरा पानी होती. अनुच्छेद 14, 19, 21, सर्वोच्च न्यायालयाचे सहा निवाडे, आणि शेवटी ‘तरी या तरतुदीचा फेरविचार व्हावा’. सुनावणीला गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी पानं उलटली आणि विचारलं, “मॅडम, तुम्हाला नेमका कुठला शब्द बदलून हवाय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूटमध्ये, म्हणजे लॉ कॉलेजांच्या नकली खटल्यांच्या स्पर्धेत, प्रतिस्पर्ध्याला हरवायचं असतं. इथे समोरच्या माणसाला उद्या संध्याकाळपर्यंत सुधारित मसुदा टाइप करून वर पाठवायचा असतो. त्याला उचलता येईल असं वाक्य तुम्ही दिलं नाहीत, तर तुमचा मुद्दा कितीही बरोबर असो, फाइलमध्येच राहतो.

सरावासाठी मी नेहमी हे वाक्य देते: ‘सक्षम प्राधिकारी, आवश्यक वाटल्यास, अर्जदारास सुनावणीची वाजवी संधी देऊ शकेल.’ वाचायला किती सभ्य! आता बोट ठेवून वाचा. ‘आवश्यक वाटल्यास’: कुणाला वाटल्यास, आणि कशावरून? ‘वाजवी’ म्हणजे दोन दिवस की दोन महिने? आणि ‘देऊ शकेल’ म्हणजे नाही दिली तरी चालेल. तीन शब्दांत अर्जदाराचा हक्क संपला. यावर ‘तरतूद मनमानी आहे’ असं लिहून थांबू नका. असं लिहा: ‘सक्षम प्राधिकारी, अर्ज नाकारण्यापूर्वी, अर्जदारास किमान 7 दिवसांची लेखी नोटीस देऊन सुनावणीची संधी देईल आणि नाकारण्याची कारणे आदेशात नमूद करील.’

यात ‘नाकारण्यापूर्वी’ हा शब्द मुद्दाम घातलाय. मी एकदा ‘प्रत्येक अर्जदारास’ असं लिहिलं होतं. मंजूर होणाऱ्या अर्जाची सुनावणी कशाला घ्यायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून माझी एक सवय आहे. वाक्य लिहून झालं की तालुक्याच्या कार्यालयातला अव्वल कारकून डोळ्यांसमोर आणायचा. त्याच्या टेबलावर गठ्ठा आहे, साहेब दौऱ्यावर आहेत. हे वाक्य वाचून सोमवारी सकाळी काय करायचं, ते त्याला कळलं पाहिजे.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी होती. एका प्रारूप नियमांवर मी सुचवलं की विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दररोज 250 रुपये दंड करावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 20 मधून सरळ उचललं होतं. प्रश्न आला, “हा दंड कुठल्या कलमाखाली?” माहिती अधिकारात दंड मूळ कायद्यातच आहे, संसदेने घातलेला. मी मात्र तो नियमांत घुसवत होते, आणि ज्या कायद्याचे ते नियम होते, त्यात दंडाला आधारच नव्हता. नियम मूळ कायद्याच्या पुढे जाऊ शकत नाहीत, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहून आले होते! म्हणून प्रत्येक सुचवणीसमोर समासात पेन्सिलने लिहा, मूळ कायद्याचं कोणतं कलम हे करू देतं. कलम सापडलं नाही तर सुचवणी खोडा.

त्याच नियम करण्याच्या कलमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ असे शब्द आहेत का, तेही पाहा. केंद्राचा कायदा असेल आणि हे शब्द असतील, तर 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 23 प्रमाणे आलेल्या हरकती विचारात घेणं बंधनकारक असतं. हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात तो उल्लेख करा.

‘मुदतीत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानावे’ ही मानीव परवानगी मुलांना फार आवडते. एमआरटीपीच्या कलम 45 मध्ये ती आहे, 60 दिवसांची. वापरण्याआधी विचार करा की कार्यालय गप्प बसलं तर फायदा कुणाचा. रेशनकार्डाच्या अर्जात गरिबाचा. झाड तोडण्याच्या परवानगीत झाडाचा नक्कीच नाही.

कारणमीमांसा चार ओळींत आटपा. निवाडा एखादाच द्या. त्यापेक्षा राज्याच्याच दुसऱ्या कायद्यात तशी रचना आहे, हे दाखवा. मुदत बांधून हवी असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 पुढे करा. ‘शासनाने हे आधीच एकदा मान्य केलंय’ या युक्तिवादापुढे मोठमोठी अवतरणं फिकी पडतात, हे माझं ठाम मत आहे.

पाठवणं. तक्ता करा: कलम, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. तीन-चार कलमांपुरतंच लिहा. पोच घ्या.

नंतर. अंतिम अधिसूचना आली की तुमच्या तक्त्याशी ताडून पाहा. बहुतेकदा काही बदललेलं नसतं. तरी तो तक्ता जपून ठेवा. फेलोशिपच्या अर्जाला लेखनाचा नमुना म्हणून तोच जोडा. खासदारांबरोबर काम करण्याची पीआरएस या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप डोक्यात असेल तर वयाची अट 25 ची आहे, म्हणजे पाच वर्षांच्या कोर्सनंतर हातात फार वर्षं उरत नाहीत. हरकती लिहायला तिसऱ्या वर्षीच लागा.

संसदेच्या स्थायी समितीला निवेदन पाठवणार असाल तर मात्र सांभाळा. ते समितीच्या अभिलेखाचा भाग होतं आणि गोपनीय धरलं जातं. पाठवलं त्याच रात्री लिंक्डइनवर टाकून अभिनंदनं गोळा करू नका.