किम्या डॉसन ऐकायची तर आधी जातं आठवा

अमेरिकन गायिका किम्या डॉसनचा 'रिमेंबर दॅट आय लव्ह यू' हा २००६ चा आल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो नाशिकरोडहून सीबीएसला जाणाऱ्या बसमध्ये. तिथेच चुकलं. द्वारकेच्या चौकात हॉर्न सुरू झाले की किम्याचा आवाज पार बुडून जातो. ती गळा काढून गात नाही, शेजारी बसून हळू आवाजात भराभर सांगते. म्हणून हा आल्बम प्रवासात ऐकू नका. रात्री ओटा आवरून झाला, टीव्ही बंद झाला, की बसा. मोबाइलमध्ये बेस वाढवून ठेवला असेल तर तो कमी करा. त्या घुमण्याखाली शब्द दबतात, आणि इथे सगळं शब्दांवरच आहे.

सुरेल गळा शोधायला बसलात तर दोन गाण्यांत उठाल. माझी आजी सिन्नरकडची. पहाटे ती जात्यावर बसली की पंढरीचा विठोबा, माहेरचा भाऊ आणि शेजारणीची व्यालेली गाय एकापाठोपाठ ओवीत येत. चाल तीच, घरघर तीच. बदलायचे ते फक्त शब्द, म्हणून अंथरुणात पडल्या पडल्या आमचा कान शब्दांकडेच लागलेला असायचा. किम्याची गिटार म्हणजे मला ते जातं वाटतं. बोटं तेच फिरवत राहतात आणि मूठ मूठ दाणे टाकावेत तशा ती वरून ओळी टाकत जाते. 'चालीत काही बदलतच नाही' ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. बदलायला नकोच आहे ती.

या गाण्यांना अँटीफोक म्हणतात. नावावरून लोकगीतांशी वैर वाटेल, पण वैर होतं ते फोकच्या ठरलेल्या साच्याशी. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लॅच नावाच्या गायकाला तिथल्या फोकवाल्यांनी दारात उभं केलं नाही, तेव्हा त्याने लोअर ईस्ट साइडमध्ये 'द फोर्ट' नावाची स्वतःची जागा सुरू केली. पुढे हा अड्डा साइडवॉक कॅफेत स्थिरावला. तिथे सोमवारी रात्री कुणीही नाव द्यावं आणि गावं, अशी रीत होती. किम्या आणि अ‍ॅडम ग्रीन यांची 'द मोल्डी पीचेस' ही जोडी याच वर्तुळातली. हे माहीत असलं की गाण्यांची घडण कळते. अनोळखी माणसांनी भरलेली खोली, हातात एक गिटार, आणि लोकांनी आपापसातलं बोलणं थांबवावं असं काहीतरी पहिल्याच ओळीत सांगायचं!

आता ऐकायची रीत. मी मुद्रितशोधन करते. आमच्याकडे एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा प्रुफावर नजर ठेवतो. इथेही तसंच करा. पहिल्यांदा गाणं नुसतं ऐका, कळेल तेवढं कळू द्या. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. तिसऱ्यांदा एकच कडवं वहीत हाताने उतरवा आणि ती जिथे श्वास घेते तिथे उभी रेघ मारा. या रेघा बघण्यासारख्या असतात. ओळीत शब्द जास्त झाले तरी ती एकही काढत नाही, दाटीवाटीने बसवते, आणि मग श्वास भलत्याच जागी येतो. माझ्या हाताला दुरुस्तीची सवय, सुरुवातीला ते फार खटकलं. पण जी गोष्ट सांगायची घाई असते, ती सांगताना आपलाही श्वास असाच तुटतो. इंग्रजी भरभर जातं म्हणून काहीजण गाण्याचा वेग कमी करून ऐकतात. तसं करू नका, ती घाईच नाहीशी होते.

सगळी गाणी एका बैठकीत संपवू नका. सुरुवात पहिल्याच 'टायर स्विंग'ने करा. हे गाणं २००७ च्या 'जुनो' चित्रपटातही आहे, त्यामुळे काहींना ओळखीचं वाटेल. ते दोन-तीन दिवस ऐकून झाल्यावर '१२/२६' लावा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, तेव्हा ही तारीख २६ डिसेंबर, वर्ष २००४, त्सुनामीचं. ती लाट अंदमानात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही आली होती. नागापट्टिणमचे फोटो मी त्या वेळी वर्तमानपत्रात पाहिले होते. एवढ्या मोठ्या दुःखासाठीही किम्या आवाज चढवत नाही. हे गाणं ऐकल्यावर लगेच दुसरं लावू नका. आल्बममध्ये शिव्याही आहेत, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लावा.

'माय मॉम' मात्र एकट्याने ऐकू नका. ते आजारी आईचं गाणं आहे. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत मी आधी एकेका कडव्याचा मतलब तिला मराठीत सांगितला, मग गाणं लावलं. शब्द कळत नसताना ती शेवटपर्यंत मान हलवत होती, ओवीला हलवते तशी. संपल्यावर तिने विचारलं, "मग बरी झाली का गं तिची आई?" मी म्हटलं, गाण्यात तेवढं सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "परत लाव."