गुडघा दाखवायला निघण्याआधी: सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी वहीचं एक पान आणि पेन घ्या. पिशवी, फाईल, रिपोर्ट नंतर. ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. त्यातली तीन "म्हणजे बघा डॉक्टर, मागच्या दिवाळीत..." यात गेली तर तपासायला वेळ उरत नाही. गुडघ्याचं बरंचसं निदान हकिकतीवरून आणि हाताच्या तपासणीवरून होतं, फोटो (एक्स-रे) आणि एमआरआय त्याला दुजोरा द्यायला असतात. म्हणून हकिकत घरूनच लिहून न्या.

पानावर पहिली ओळ दुखणं कधी आणि कसं सुरू झालं याची. मार लागला असेल तर पाय जमिनीवर रोवलेला असताना अंग फिरलं का, बाहेरून धक्का बसला का, की दुचाकीवरून पडताना वाकलेला गुडघा पुढून आपटला, हे लिहा. त्या क्षणी आतून "टक्" असा आवाज आला का तेही लिहा. त्यानंतर सूज किती वेळाने आली ते आठवा. ही नोंद लोक हटकून विसरतात आणि तीच फार कामाची असते. दोन तासांच्या आत गुडघा फुगला तर आत बहुधा रक्त साठलेलं असतं, म्हणजे एसीएल (सांध्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा एक पट्टा, म्हणजे लिगामेंट) तुटणं, वाटी सरकणं किंवा हाड मोडणं यांचा संशय आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर सूज दिसली तर संशय गादीकडे (दोन हाडांमधल्या कुर्चेच्या चकतीकडे) जातो. कबड्डीत पकड सोडवताना किंवा क्रिकेटमध्ये धावता धावता वळताना लागलेल्या मारात हा फरक खास विचारला जातो.

"सगळा गुडघाच दुखतो" असं सांगू नका, एका बोटाने जागा दाखवा. आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर बोट टेकत असेल तर गादी किंवा झीज. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतं, जिना उतरताना आणि सिनेमाच्या खुर्चीत तासभर बसल्यावर जास्त, तर वाटीचा सांधा. वाटीच्या खालच्या दोरीवर दुखतं आणि उड्या मारल्यावर वाढतं, तर ती दोरी. मागे खळगीत गोटीसारखा फुगवटा असेल तर बेकरची गाठ (सांध्यातलं पाणी मागे साठून झालेली), आणि ती बहुतेक वेळा सांध्यातल्या दुसऱ्या बिघाडामुळेच आलेली असते. गुडघा मध्येच अडकतो आणि हलवल्याशिवाय सरळ होत नाही, की चालताना अचानक "निसटतो", हे वेगवेगळं लिहा. अडकणं गादीचं लक्षण, निसटणं लिगामेंटचं किंवा मांडीच्या स्नायूच्या अशक्तपणाचं. सकाळी उठल्यावर सांधा किती वेळ आखडलेला असतो ते घड्याळ लावून पाहा. अर्ध्या तासाच्या आत मोकळा होत असेल तर झिजेचं, तासाहून जास्त लागत असेल आणि हाताची बोटंही सुजत असतील तर आमवाताकडे झुकणारं दुखणं. "ग्रीस संपलंय", "गॅप कमी झालीय" हे शब्द पानावर नकोत. ती लक्षणं नव्हेत, दुसऱ्या कुणीतरी काढलेले निष्कर्ष आहेत.

दहा-पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा असेल तर आणखी एक ओळ: तो लंगडतो का, आणि पाय बाहेर वळवून चालतो का. खुब्याचा आजार गुडघ्यात दुखतो. अशा मुलाच्या फक्त गुडघ्याचा फोटो काढला तर तो चांगला येतो आणि घरचे निर्धास्त होतात, तोवर खुबा आणखी सरकतो. खुबा तपासायला सांगायला लाजू नका. वाटीखालच्या हाडाच्या टेंगळावर दुखणारी खेळती मुलं वेगळी. ती बहुतेक धावणं-उड्या कमी केल्यावर वाढीबरोबर बरी होतात.

काही बाबतींत मात्र पान लिहीत बसायचं नाही, निघायचं. गुडघा लाल, गरम, ताप आणि पाय हलवू न देणारी कळ असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी सुईने पाणी काढून तपासायला लागतं, आणि ते पाणी काढण्याआधी घरी उरलेली अँटिबायोटिक घेऊ नये, नाहीतर जंतू उगवत नाहीत आणि निदान हुकतं. अपघातानंतर पाऊल थंड किंवा निळं पडलं, बधिर झालं, तर रक्तवाहिनीचा प्रश्न असतो आणि तिथे तासांचा हिशोब चालतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते, तर शिरेत गुठळी नाही ना हे आधी पाहावं लागतं. अशा पायाला चोळून घेण्याचा मोह टाळा.

मार ताजा असेल आणि दाखवायला उद्या-परवाच जमणार असेल तर मधल्या वेळेची तयारी घरात करा. बर्फ फोडून प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पिशवीवर ओला टॉवेल गुंडाळा आणि गुडघ्यावर 15 ते 20 मिनिटं ठेवा, दर दोन-तीन तासांनी. टॉवेलांची आपल्या गावात वानवा नाही, तेव्हा बर्फ थेट कातडीवर ठेवायला काहीच कारण नाही. बर्फाने कातडी जळते, विशेषतः मधुमेहामुळे स्पर्श कमी झालेल्यांची. क्रेप बँडेज 15 सेंमी रुंदीचं आणा आणि पोटरीच्या मध्यापासून सुरू करून वर मांडीकडे या, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. उलटं, वरून खाली गुंडाळलं की पाऊल सुजतं. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. झोपताना टाचेखाली दोन उशा देऊन पाय छातीच्या वर ठेवा. नुसत्या गुडघ्याखाली उशी देऊन तो वाकलेला ठेवू नका, दोन-चार दिवसांत तसाच आखडतो. पहिले दोन-तीन दिवस शेक, मालिश आणि "बसवून देणारे" हे तिन्ही नकोत. ज्याचं हाड मोडलंय त्याचा गुडघा बसवायला गेलं की काय होतं ते सांगायला नको.

आता पिशवी. आधारकार्ड, रेशनकार्ड, जुने फोटो (रिपोर्टसकट, नुसता रिपोर्ट नको), मधुमेह-रक्तदाबाच्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या. नावं पाठ नसतात, म्हणून पट्ट्याच घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पट्टी सगळ्यात वर ठेवा, पण स्वतःहून बंद करून जाऊ नका. वेदनाशामक किती दिवसांपासून घेताय ते खरं सांगा. बिननावाच्या पुड्या किंवा काळ्या गोळ्या घेत असाल तर तीही एक पुडी न्या. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघू शकतं. गुडघा दोन दिवसांत हलका होतो आणि चेहरा फुगतो, साखर वाढते ती त्यानेच. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. रोज वापरातली चप्पल घालून जा. टाच एकाच बाजूने झिजली असेल तर चालण्याची ढब तिथेच दिसते. कपडा मांडीच्या मध्यापर्यंत वर जाणारा हवा. घट्ट जीन्स किंवा चुडीदार असला की तपासणी अर्धवट होते, आणि दोन्ही गुडघे उघडे करावेच लागतात, कारण तुलना दुसऱ्या गुडघ्याशी असते. सिव्हिलला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या रांगेत दुखरा पाय उभा राहतो. सोबत कुणाला तरी न्या आणि रांगेत त्यांना उभं करा.

टेबलावर झोपल्यावर मांडी सैल सोडणं हे तुमचं काम. गुडघा 20 ते 30 अंश वाकवून डॉक्टर नडगीचं हाड पुढे ओढून पाहतात, ती एसीएलची सगळ्यात भरवशाची चाचणी. मांडी आवळून धरली की तुटलेलं लिगामेंटही घट्ट भासतं. ताज्या मारात सुजेमुळे हे हटकून होतं, म्हणून "आठ-दहा दिवसांनी पुन्हा या" म्हटलं तर ती टाळाटाळ समजू नका. त्या दुसऱ्या तपासणीत पहिल्यापेक्षा जास्त कळतं.

मार लागलेल्या प्रत्येकाचा फोटो काढावा लागत नाही. वय 55 किंवा जास्त असेल, नुसती वाटी दाबल्यावर दुखत असेल, नडगीशेजारच्या, बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचं वरचं टोक दाबल्यावर दुखत असेल, गुडघा काटकोनात वाकत नसेल, किंवा मार लागल्यावर आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर काढायचा. याला ओटावाचा नियम म्हणतात. झिजेसाठीचा फोटो मात्र उभं राहूनच हवा, दोन्ही गुडघे एकत्र. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली जागा खोटी मोकळी दिसते, आणि मग तोच खर्च पुन्हा. फोटो काढणाऱ्याला हे आठवण करून द्यायला हरकत नाही.

एमआरआयची घाई नको. पन्नाशीनंतर ज्यांचा गुडघा अजिबात दुखत नाही त्यांच्याही एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसते. मग त्या फाटण्यावर उपचार सुरू होतात आणि दुखणं मूळ झिजेचंच राहतं. गुडघा अडकून बसलाय, लिगामेंट तुटल्याचा संशय आहे, शस्त्रक्रिया ठरवायची आहे, अशा वेळी तो उपयोगी. जाताना मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना घरी ठेवा. पेसमेकर असेल किंवा वेल्डिंग-लेथचं काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर आधीच सांगा. अर्धा तास पाय न हलवता पडून राहावं लागतं.

उपचाराच्या चौकशीआधी आपल्या कामाचा हिशोब मांडा, कारण आपल्याकडे गुडघे झिजतात त्यात कामाचा वाटा मोठा. विडी वळणाऱ्या बायका सूप मांडीवर घेऊन मांडी घालून तासन्‌तास बसतात. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात वाटीवरचा दाब सगळ्यात जास्त असतो. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून एक पाय आळीपाळीने लांब करा, दर अर्ध्या तासाने उठून दहा पावलं चाला, सूप स्टुलावर ठेवता येतं का ते पाहा. यंत्रमागावर बारा तास फरशीवर उभं राहणाऱ्यांनी जुन्या रबराची जाड चटई पायाखाली घ्यावी आणि मागांच्या मधे टेकायला स्टूल मागावा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठी) पेलणाऱ्यांचा गुडघा ओझ्याखाली वळतो, तेव्हा सराव जानेवारीच्या तोंडावर न करता सहा-आठ आठवडे आधी मांडीचे व्यायाम सुरू करून हळूहळू वाढवावा. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणा. एवढ्याने पुष्कळांचं निम्मं दुखणं हलकं होतं.

व्यायामाला सामान फार लागत नाही: एक टॉवेल, हात नसलेली भक्कम खुर्ची, घोट्याला बांधायची अर्धा ते एक किलोची वजनाची पट्टी. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबा, 5 ते 10 सेकंद धरा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पाय सरळ ठेवून वीतभर-दीड वीत उचलणं, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. पट्टी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर. फरक पडायला 8 ते 12 आठवडे लागतात, बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं असेल तर प्रमाण बरोबर. वाढलेलं असेल तर निम्मं करा, बंद नको. वजन 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने घटतो. एप्रिल-मेच्या उन्हात फिरणं सकाळी सातच्या आत उरका.

डायक्लोफिनॅकचं जेल वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅमपर्यंत लागतं, दिवसातून तीनदा, म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते. मूत्रपिंड, जठराचा अल्सर, हृदयविकार असेल तर गोळीपेक्षा जेल बरं, तरी विचारूनच. ग्लुकोसामीनच्या डब्यावर पैसे घालवण्याऐवजी फिजिओच्या चार खेपा करा. सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर रोज मोजायची तयारी ठेवा, आणि तीन महिन्यांत सांधा बदलायचा असेल तर ते घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीतून "साफसफाई" सुचवली तर दुसरं मत घ्या.

एसीएलची शस्त्रक्रिया ठरली तर आधी सूज उतरवून गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, नाहीतर नंतर आखडतो. मैदानावर परत यायला किमान नऊ महिने धरा. सांधा बदलायचा असेल तर दात, लघवी, पायाच्या बोटांतल्या चिखल्या आधी बऱ्या करा, तंबाखू-सिगारेट चार आठवडे आधी बंद, तीन महिन्यांची साखर आटोक्यात. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा. 2017 च्या ऑगस्टपासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे, तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून घ्या आणि त्याचं स्टिकर फाईलला लावलेलं आहे का बघा.

शस्त्रक्रियेनंतर घरी परतण्याआधी सतरंज्या उचला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री संडासापर्यंत दिवा ठेवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि उंची हात सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.