खीरगंगेच्या कुंडात उतरण्यापूर्वी

राजापूरजवळच्या उन्हाळे गावातील गरम पाण्याचे कुंड पाहिलेल्या बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींना हिमाचलातील खीरगंगेचे कुंडही तसेच असेल असे वाटते. परंतु ते सुमारे २,९६० मीटरवर, म्हणजे बेळगावच्या जवळपास चौपट उंचीवर आहे, आणि तेथे पाण्याइतकेच त्या उंचीलाही सांभाळावे लागते.

गोवा एक्सप्रेसने दोन रात्रींत दिल्ली, तेथून बसने कुल्लूजवळचे भुंतर आणि पुढे सुमारे ३५ किलोमीटरवर मणिकर्ण, असा प्रवास करावा. मणिकर्णला एक रात्र अवश्य थांबावे, म्हणजे शरीराला उंचीची सवय होऊ लागते. येथील झऱ्यांचे पाणी इतके तापलेले असते की त्यात तांदूळ शिजवतात. म्हणून उघड्या झऱ्यात हात घालून पाहू नये, स्नानासाठी बांधलेल्या कुंडातच उतरावे.

दुसऱ्या दिवशी मणिकर्णहून वाहनाने बरशैणी गावी जाऊन तेथून सकाळी लवकर पायी निघावे. नकथान आणि रुद्रनाग धबधब्यावरून जाणारी वाट दहा-बारा किलोमीटरची असून तिला पाच-सहा तास लागतात. महिनाभर आधी पाठीवर पिशवी घेऊन बेळगावजवळचा येळ्ळूरगड चढण्याचा सराव केलेला बरा; मात्र तेवढ्यावर फार विसंबू नये, कारण येळ्ळूरला हवा विरळ नसते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, त्यामुळे मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हाच काळ निवडावा.

वर पोहोचताच घामाघूम अंगाने कुंडात उतरण्याचा मोह होतो, आणि चूक नेमकी तेथेच होते. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो. चढणीने शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असेल, तर उठताना घेरी येते. यासाठी अर्धा तास बसून पाणी प्यावे, मग आधी पाय सोडून, सावकाश आत जावे, दहा-पंधरा मिनिटांत कठड्याला धरून बाहेर यावे. डोके बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात आढळणारा एक अमीबा (सूक्ष्म जीव) क्वचित का होईना, नाकावाटेच मेंदूपर्यंत जातो. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, मद्य घेतलेल्यांनी तर मुळीच नाही. स्त्रियांसाठी आडोशाचे वेगळे कुंड आहे. साबण वापरू नये. हे तीर्थही आहे.

कोरडे कपडे, कानटोपी आणि टॉवेल हाताशी ठेवूनच पाण्यात जावे, कारण बाहेरच्या गार वाऱ्यात ओले अंग काही मिनिटांत गारठते. डोके दुखून मळमळ होऊ लागली, तर उंची बाधली असे समजून पुन्हा कुंडात न जाता, दिवस असेपर्यंत सोबतीने खाली उतरावे.