शिष्यवृत्तीचा अर्ज : कोल्हापुरातील विद्यार्थ्यांनी कोणती तयारी आधी करावी

शिष्यवृत्तीचे काम प्रवेश झाल्यानंतर पाहता येईल, अशी समजूत अनेक घरांत असते. प्रत्यक्ष अर्ज भरायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो दाखले काढण्यात, आणि बारावीचा निकाल लागला की करवीरपासून चंदगडपर्यंत प्रत्येक तहसील कार्यालयात एकाच वेळी गर्दी उसळते. म्हणून नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्याबरोबर, म्हणजे एप्रिलमध्येच, या कामाला लागावे.

आपण कोणत्या योजनेत बसतो, हे सर्वांत आधी पाहावे. राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरले जात असले, तरी योजना निरनिराळ्या विभागांच्या आहेत आणि त्यांच्या अटीही निराळ्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची मर्यादा ८ लाख रुपये असून तिच्यातून शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांवर, प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही, हे जागा स्वीकारण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे, कारण नंतर ते बदलता येत नाही. गाव सोडून शहरात राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही पाहावी. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांचा तिच्यात विशेष विचार केलेला आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे आणि तिची चौकशी समाज कल्याण कार्यालयात करावी. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगांची परंपरा सुरू केली, तेथे राहण्याच्या खर्चासाठी असलेल्या योजनांची माहिती मुलांना शुल्काच्या योजनांपेक्षा कमी असावी, ही थोडी विचित्रच गोष्ट आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबत दोन गफलती नेहमी होतात. पहिली तारखेची. दाखल्याच्या खाली तो कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे छापलेले असते आणि ती तारीख बहुधा ३१ मार्च असते. त्यामुळे सीईटीच्या धावपळीत फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला जुलैमध्ये निरुपयोगी ठरतो. दुसरी गफलत नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र (मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला एकच समजण्याची. क्रिमीलेअर ठरवताना शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, पण उत्पन्नाच्या दाखल्यात ते येते, त्यामुळे उसाचे बिल कोठे मोजले जाते आणि कोठे नाही, हे सेतू केंद्रात अर्ज देण्यापूर्वी वडिलधाऱ्यांबरोबर बसून नीट समजून घ्यावे. सातबारा, शिधापत्रिका, तलाठ्याचा अहवाल आणि नोकरदार पालक असल्यास फॉर्म १६ एकत्र ठेवावेत.

माझ्या मते सर्वाधिक काळजी बँक खात्याची घ्यावी. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जमा होतेच असे नाही. ती आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि असे खाते एका वेळी एकच असते. शाळेत असताना गावातल्या बँकेत उघडलेले, कित्येक वर्षे व्यवहार न झालेले खाते अजूनही आधारशी जोडलेले असेल, तर पैसे तिकडेच जातील किंवा खाते बंद असल्यास परत जातील. पासबुकाला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असे समजू नये. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून बँक सीडिंगची, म्हणजे कोणते खाते आधारशी जोडलेले आहे याची, स्थिती पाहता येते. तेथे बँकेचे नाव आणि ‘सक्रिय’ असा शेरा दिसला, तरच पुढे जावे. ओटीपीसाठी मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असणे आवश्यक आहे, आणि तो क्रमांक दुकानात बदलून टाकलेल्या जुन्या सिमचा नसावा.

अर्ज भरताना दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांतील नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अक्षर न अक्षर ताडून पाहावे. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. कागदपत्रे मोबाइलने तिरकी काढून चढवू नयेत. शिक्का आणि सही वाचता येत नसेल, तर अर्ज परत येतो. अर्ज पाठवल्यावर त्याची छापील प्रत महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात द्यावी आणि पोच घ्यावी, कारण आधी महाविद्यालयाने आणि मग संबंधित विभागाने तो तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहावी. त्रुटीसाठी परत आलेल्या अर्जाची सूचना कधी कधी केवळ पोर्टलवरच दिसते आणि दुरुस्तीची मुदत मर्यादित असते.

शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत महाविद्यालयाने शुल्काचा आग्रह धरला, तर तोंडी बोलण्यापेक्षा प्राचार्यांना अर्ज द्यावा. ‘आमची परिस्थिती गरिबीची आहे’ एवढे लिहून भागत नाही. अर्जाचा क्रमांक, योजनेचे नाव, किती रक्कम आज भरता येईल आणि उरलेली कोणत्या महिन्यात, हे लिहावे. कारखान्याचे बिल कधी जमा होते हे मोकळेपणाने सांगितले, तर हप्ते मागण्यामागचे कारण कार्यालयाला समजते. सोबत उत्पन्नाचा दाखला जोडून आवक क्रमांक घ्यावा. शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कमवा आणि शिका योजनेची चौकशीही याच वेळी करावी.

शैक्षणिक कर्जाचा विचार या सगळ्यानंतर करावा, कारण शिष्यवृत्ती फेडावी लागत नाही. ज्यांना कर्ज घ्यावेच लागेल, त्यांनी केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत आपली संस्था आहे की नाही हे पाहावे. ती यादी निवडक संस्थांची असल्यामुळे प्रवेशापूर्वीच तपासलेली बरी.

दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. ते आपोआप होत नाही आणि त्यासाठी मागील वर्षाचा निकाल अपलोड करावा लागतो, तेव्हा गुणपत्रिका हाती येताच ती स्कॅन करून ठेवावी आणि लॉगिनचा पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवावा.