मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसला व्ह्यू लिंक करताय? ‘की’ (key) नीट निवडा

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं काम करत होतो, वजनकाट्याचा डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आणि रिपोर्ट ॲक्सेसमधे. ओडीबीसीने (डेटाबेस जोडायचा दुवा) व्ह्यू, म्हणजे सर्व्हरवर साठवलेली क्वेरी जी टेबलासारखी दिसते, लिंक केला की ॲक्सेस विचारतं, युनिक रेकॉर्ड आयडेंटिफायर कुठला? कारण व्ह्यूला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येणारी फील्ड, दिसत नाही ना. मी घाईत लॉट नंबर आणि तारीख टिक करून ओके मारलं, आणि इथेच माती खाल्ली. एकाच लॉटची दिवसात दोनदा वजनं झालेली, काट्यावर ४१२ आणि ३८७ किलो, ॲक्सेसमधे मात्र दोन्ही ओळी ४१२! बेरीज चुकली, शेतकरी दारात उभा.

होतं असं की ॲक्सेस आधी फक्त ‘की’ आणतं, मग त्या ‘की’वरून बाकीची ओळ मागवतं, ‘की’ सारखी असली तर तीच ओळ दोनदा येते. एरर वगैरे काही नाही, म्हणून तर जास्त डेंजर.

फक्त रिपोर्टच काढायचाय तर त्या प्रश्नाला सरळ कॅन्सल करा, टेबल रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारं) लिंक होतं आणि ओळी बरोबर दिसतात. एडिट हवं असेल तर खरोखर युनिक होईल असं कॉम्बिनेशन घ्या (दहा फील्डपर्यंत चालतात), मी वजनाची वेळ सेकंदासकट घेतली. आधी त्याच फील्डवर ग्रुप बाय लावून (सारख्या ओळी एकत्र करून) काउंट एकपेक्षा जास्त येतोय का ते सर्व्हरवरच बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.