पार्टिशन 'रॉ' झालंय? डिस्कला हात लावण्याआधी या चुका टाळा

लग्नसराईत माझ्या दुकानात फोटोग्राफर मंडळींची ये-जा वाढते. हातात पोर्टेबल डिस्क, चेहरा उतरलेला आणि वाक्य ठरलेलं, "काल रात्रीपर्यंत नीट चालत होती हो." डिस्क लावली की ड्राइव्हचं अक्षर दिसतं, पण उघडायला गेलं की विंडोज म्हणतं, वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? प्रॉपर्टीजमध्ये एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीच्या) जागी 'रॉ', म्हणजे मांडणी ओळखता येत नाही, असं लिहिलेलं.

मी एकच विचारतो, "हे दिसल्यावर तुम्ही काय काय केलंत?" "काहीच नाही, तशीच घेऊन आलो," असं कुणी म्हटलं की माझा जीव भांड्यात पडतो. बहुतेकदा मात्र उत्तर लांबत जातं. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवून पाहिलं, मग पुतण्याने कुठलंसं सॉफ्टवेअर टाकलं, मग दुसऱ्या केसमध्ये, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या डबीत, घालून बघितली. ही यादी जितकी लांब, तितकं हाती लागणारं कमी.

तलाठ्याच्या दप्तराला वाळवी लागली म्हणून गावातली शेतं नाहीशी होत नाहीत, कुणाचं कुठलं हे सांगणारा कागद तेवढा जातो. पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखून दिलेला भाग, बिघडणं बरंचसं असंच असतं. जुन्या एमबीआर पद्धतीत अख्ख्या डिस्कची वाटणी पहिल्या सेक्टरमधल्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) ६४ बाइटांत लिहिलेली असते, १६ बाइटांची एक अशा चार नोंदी. तेवढं बिघडलं की सगळी डिस्क कोरी दिसते. नव्या जीपीटी पद्धतीत या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. एनटीएफएससुद्धा बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनची मूळ माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची, प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, आणि प्रत्येक फाइलची नोंद एमएफटी नावाच्या सूचीत असते. साधारण १०२४ बाइटांच्या त्या नोंदीत नाव, तारीख, फाइल कुठे पसरली आहे ते सगळं येतं. ही सूची शाबूत असेल तर फोल्डरांसकट सगळं परत मिळायची चांगली आशा असते. पुढच्या बहुतेक चुका या सूचीच्या मुळावर येणाऱ्या आहेत.

फॉरमॅटला होकार देणं

"फॉरमॅट करून मग रिकव्हरी मारू" हा सल्ला कुठून पसरला देव जाणे. क्विक फॉरमॅट नवी रिकामी सूची लिहितो. जुन्या नोंदींतल्या सुरुवातीच्या काही त्यात जातात, बाकीच्या राहूही शकतात, म्हणजे नुकसान झालं तरी आशा उरते. पण समोरच्या माणसाने 'क्विक'ची टिकमार्क काढली असेल, "नीटच होऊ दे एकदा" म्हणून, तर संपलं. विस्टापासून विंडोजचा पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो. त्यावर कुठल्याही लॅबकडे इलाज नाही.

याचंच भावंड म्हणजे डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर समोर येणारी 'डिस्क इनिशिअलाइझ करा' ही खिडकी. ओके दाबलं की नवा रिकामा तक्ता लिहिला जातो. त्यातून सावरता येतं, पण मुद्दाम खड्ड्यात पाय कशाला घालायचा? दोन्ही ठिकाणी 'कॅन्सल'.

चेकडिस्क हे डेटा वाचवायचं औषध नव्हे

ही चूक शिकलेली माणसंही करतात, म्हणून इथे जरा थांबतो. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं एवढंच आहे. तुमच्या फाइली वाचवणं त्याच्या कामात बसत नाही. जी नोंद जुळत नाही ती ते कापतं, अनाथ तुकडे सापडले तर 'फाउंड डॉट झिरो झिरो झिरो' नावाच्या लपलेल्या फोल्डरात 'सीएचके' शेपटीने टाकतं. त्याच्या दृष्टीने डिस्क दुरुस्त झाली. तुमच्या दृष्टीने फोल्डर गेले, नावं गेली.

एका हिशेबनिसांच्या ऑफिसातली डिस्क आठवते. संध्याकाळी चेकडिस्क लावून सगळे घरी गेले. सकाळी ड्राइव्ह उघडत होता, चूक दाखवत नव्हता, सगळे खूश. मग कळलं की आत फक्त हजारो 'सीएचके' फाइली आहेत. त्यातली कुठली कुणाची, हे एकेक उघडून लावत बसायला त्यांचा एक माणूस पंधरा दिवस गुंतला. आदल्या संध्याकाळी ती डिस्क तशीच आली असती तर माझ्या अंदाजाने एका दिवसाचं काम होतं.

खराब सेक्टर शोधणारा चेकडिस्कचा लांब प्रकार तर आणखी वाईट, कारण तो आजारी डिस्कला सेक्टर न् सेक्टर वाचायला लावतो. लिनक्सवाल्यांनी हसू नये. प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणत एफएसचेक हे लिनक्समधलं तसंच साधन चालवणं हीच चूक आहे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये सुपरब्लॉकच्या, म्हणजे तिच्या मुख्य नोंदीच्या, सुट्या प्रती असतात, नेहमीच्या ४ केबी ब्लॉकच्या रचनेत पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर. ती वापरून पाहा, पण मूळ डिस्कवर नको, इमेजवर, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या हुबेहूब प्रतीवर.

इमेज न काढताच स्कॅन सुरू करणं

आधी बघायचं ते हे, की दुखणं नुसत्या नोंदींचं आहे की डिस्कच्या शरीराचं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रामने स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या, काही प्रोग्राम त्यांनाच ५, १९७, १९८ म्हणतात. पहिली म्हणजे खराब निघून बदललेले सेक्टर, दुसरी वाचताना अडलेले, तिसरी दुरुस्त न होणारे. सी५चा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत वाढत असेल तर पार्टिशनचा बिघाड हे नुसतं लक्षण आहे, डिस्कच मरणाला टेकली आहे. अशा डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरचं दहा-दहा तासांचं स्कॅन लावणं म्हणजे आजाऱ्याला वजन उचलायला लावणं. एकदा स्कॅन, मग 'डीप स्कॅन', मग दुसऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा. तिसऱ्या फेरीत डिस्क दिसेनाशी होते.

म्हणून आधी इमेज काढायची, आणि त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आहे. लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून ते चालवायचं. आधी ते सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलं की तो पट्टा सोडून पुढे जातं, आणि अडलेल्या जागांकडे शेवटी परततं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. मॅपफाइल दिली नाही तर ही सोय नाही. आणि ती लाइव्ह सिस्टिमच्या मेमरीत ठेवली तर बंद केल्यावर गायब, म्हणून ती इमेजशेजारी चांगल्या डिस्कवरच ठेवा. उबुंटू-डेबियनवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे. जवळपास त्याच नावाचा दुसराही एक प्रोग्राम आहे, त्याचे पर्याय वेगळे, गल्लत करू नका.

आता सगळ्यात महागडी चूक. डिस्कवरून थेट डिस्कवर कॉपी करताना 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही २ टीबीच्या, आणि रात्रीचे अकरा वाजलेले. कोऱ्या डिस्कची कॉपी भरलेल्या डिस्कवर झाली की देवही धावून येत नाही. मी दोन्हींवरचे सिरियल नंबर कागदावर लिहितो आणि स्क्रीनवरच्या नंबरांशी बोट ठेवून जुळवतो. पोरं हसतात, हसू देत.

त्याच डिस्कवर लिहिणं

रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करू नये, सापडलेल्या फाइली तिथेच साठवू नयेत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी होतं, कारण दुसरी मोठी डिस्क हाताशी नसते. आधी डिस्क आणा. सी ड्राइव्हचंच पार्टिशन गेलं असेल तर मशीन बंद करून डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, कारण चालू विंडोज दर मिनिटाला काही ना काही लिहीत असतं.

एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. फाइल पुसली किंवा फॉरमॅट केलं की विंडोज तिला ट्रिमचा, म्हणजे 'या जागा आता लागत नाहीत' असा, निरोप देतं आणि एसएसडी त्या जागा आतूनच रिकाम्या करायला घेते. नुसता तक्ता बिघडला असेल तर आशा आहे, फॉरमॅट झाला असेल तर फारशी नाही. हार्ड डिस्कवरचा अनुभव तिथे लावू नका.

टेस्टडिस्कमध्ये घाईने 'राइट'

क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क फुकट आहे आणि हरवलेलं पार्टिशन शोधण्यात तरबेज आहे. पण ते जुनी, दोन वर्षांपूर्वी मोडलेली पार्टिशनंही शोधून काढतं. सापडलेल्या ओळीवर 'पी' दाबून आतल्या फाइली दिसतात का ते पाहा. आणि दिसल्याच तर तिथूनच कॉपी करून घ्या. सापडलेला तक्ता डिस्कवर लिहिणाऱ्या 'राइट'ची गरजच काय? डिस्क पुन्हा वापरायची तर ते नंतर बघू.

त्याचाच जोडीदार फोटोरेक फाइल सिस्टिमकडे बघतच नाही, फाइलची सुरुवात ओळखून तुकडा उचलतो. म्हणून तो शेवटचा उपाय. नाव, तारीख, फोल्डर काहीच येत नाही, आणि तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ अर्धवट निघतात. डीटीपीवाल्यांना आणखी एक त्रास होतो. जुन्या बिगर-युनिकोड मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर फाइलमध्ये रोमन अक्षरांच्या कोडात साठवलेला असतो, त्यामुळे हजारो बेनाव फाइलींत 'लग्नपत्रिका' असा शोध घेतला तर काहीच सापडत नाही. जुन्या कीबोर्डवर तो शब्द जसा टाइप व्हायचा तशीच अक्षरं शोधायला लागतात.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारं साधन, चालू असेल तर हे सगळं ४८ अंकी रिकव्हरी की मिळाल्यावर. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये की आहे का बघा.

खोलणं, गोठवणं, बदलणं

टिकटिक आवाज येत असेल तर वीज काढा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. झाकण उघडू नका, हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर सरकतं, धुळीचा कण तिथे धोंडा ठरतो. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड लावूनही सहसा चालत नाही, त्या-त्या डिस्कची खास माहिती बोर्डावरच्या चिपमध्ये असते. १२ व्होल्टच्या टेबलावरच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावलेला मी वर्षातून एकदा तरी बघतो. पिन बसली म्हणून.

केसमधून डिस्क काढून थेट कंप्युटरच्या आतल्या सॅटा जोडणीला लावणं मात्र निरुपद्रवी वाटतं, म्हणून फसवतं. काही केस ५१२ बाइटांच्या सेक्टरची डिस्क बाहेर ४०९६ची म्हणून दाखवतात, काही आपल्या चिपमध्ये डेटा एन्क्रिप्ट करतात. डिस्क काढली की चांगलं पार्टिशनही 'रॉ' दिसतं, आणि माणूस घाबरून नसलेला बिघाड दुरुस्त करायला बसतो.

लॅबमध्ये पाठवायची वेळ आली तर तपासणीचे पैसे किती, डेटा नाही निघाला तर किती, हे लेखी घ्या, आणि पावतीवर सिरियल नंबर असू द्या.

एक फोटोग्राफर गेल्या मे महिन्यात सगळं परत मिळालं म्हणून पेढे देऊन गेले. आठ दिवसांनी फोन आला, "दादा, हळदीचा फोल्डर उघडतोय, पण फोटो अर्धे राखाडी आहेत." निघालेल्या फाइलींचे आकडे आम्ही दोघांनी बघितले होते, फोटो उघडून कुणीच नाही. इमेज अजून माझ्याकडे होती आणि त्यांनी जुनी डिस्क फेकलेली नव्हती. त्या पट्ट्यावर डीडीरेस्क्यूच्या आणखी तीन फेऱ्या केल्या. हळदीचे ४१२ फोटो होते, ३९० निघाले.